रिकाम्या किका

बंगळूरमध्ये राहून माझा नवरा बोट सांभाळायचा. माहेरी सांगलीला गेले की हे वाक्य मला दोनदा उच्चारावं लागे, कारण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटे मीच काहीतरी चुकीचं बोलले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्याच्या सरकारी संस्थेत पाण्याखाली वापरायची यंत्रं बनत आणि ती बुडवून बघायला आनेकलच्या बाजूला एका तळ्यात ही बोट ठेवलेली होती. तिच्या पोटात दोन डिझेल इंजिनं. आमच्या घरात माझ्यापेक्षा त्यांच्या तब्येतीची चौकशी जास्त व्हायची.

एका वर्षी त्या इंजिनांत पाणी शिरायला लागलं. सोमवारी सकाळी तेल मोजायची पट्टी बाहेर काढावी, तर तेल काळं नाही, दूध जास्त झालेल्या कॉफीसारखं. कधी डाव्या इंजिनात, कधी उजव्या. बोट चालवणारे अण्णा तिथल्याच गावचे. ते पट्टी बघून शांतपणे म्हणायचे, "स्वल्प नीरु, सार." थोडंसंच पाणी आहे, साहेब. मग सगळं तेल काढायचं, इंजिन वाळवायचं, नवं तेल भरायचं, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा स्वल्प नीरु.

नवऱ्याने एकेक संशयित तपासायला घेतला. तेल आणि पाणी वेगळं ठेवणारं गॅस्केट बदललं. तेल थंड करणारी नळ्यांची पेटी तर तो स्कूटरवर घालून घरी घेऊन आला आणि माझ्या कपडे भिजवायच्या टबात बुडवून, पंपाने हवा भरून बुडबुडे शोधत बसला. बुडबुडा एकही आला नाही. टबाला डिझेलचा वास मात्र कायमचा आला. धूर बाहेर जातो त्या नळीतून तळ्याचं पाणी उलटं येत असेल म्हणून तिला रबरी टोपण लावून झालं. अण्णांनी त्यांच्या बाजूने दोन्ही इंजिनांवर एकेक लिंबू ठेवलं. लिंबं कोरडी राहिली.

गूढ असं होतं की रविवारी संध्याकाळी मुद्दाम जाऊन बघावं तर इंजिन ठणठणीत कोरडं, आणि सोमवारी सकाळी पाणी.

मग वरून निरोप आला. पुढच्या महिन्यातल्या आढाव्यापर्यंत दोष सापडला नाही, तर बोट कोचीच्या केंद्राला जाईल आणि बोटीबरोबर बोटीचा अधिकारी. माझी शाळेतली नोकरी नुकतीच कायम झाली होती. म्हणजे तो कोचीत, मी बंगळूरच्या जयनगरात आणि भेट दिवाळीला. माझ्या आईवडिलांनी असाच दोन गावांतला संसार केला होता. मला तो करायचा नव्हता आणि हे मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं. तो म्हणाला, "बघतो." सगळ्या गोष्टींना तो हेच म्हणायचा.

त्याची स्कूटर सुरू करायची एक पद्धत होती. आधी गाडी एका बाजूला चांगली तिरकी करायची. मग किल्ली न लावता सात-आठ रिकाम्या किका मारायच्या. मग किल्ली लावायची आणि खरी किक. इंजिनाला आधी जागं करावं, लगेच कामाला जुंपू नये, असं त्याचं मत होतं. मला सकाळी उठवताना हे मत कुठे जायचं कोण जाणे. मी दोन डबे हातात धरून फाटकाशी उभी राहायची.

त्या सोमवारी काळजीत होता म्हणून असेल, त्याने रिकाम्या किका जरा जास्तच मारल्या. पेट्रोल ओव्हर झालं. प्लग काढला तर ओलाचिंब. मला शाळेला उशीर होत होता.

"पेटवायचं नाही आणि नुसतं ओढत राहायचं," मी म्हटलं, "तर आत आलेलं जाणार कुठे?"

तो प्लग पुसता पुसता थांबला. मग म्हणाला, "बोटीवरही मी हेच करतो."

सोमवारी बोट सुरू करण्याआधी तो डिझेल बंद ठेवून दोन्ही इंजिनं बॅटरीवर नुसती फिरवायचा आणि तेलाची पट्टी त्यानंतर काढायचा. त्या इंजिनाला थंड ठेवणारा पंप तळ्याचं पाणी ओढून धुराच्या नळीत सोडतो आणि धूर ते बाहेर ढकलतो. इंजिन पेटलेलंच नसेल तर धूर नाही. पाणी नळीत साठतं, साठता साठता मागे फिरतं आणि इंजिनात उतरतं. काळजी वाढली तसा तो जास्त वेळ फिरवू लागला आणि तसतसं जास्त पाणी शिरू लागलं.

"आता तसं करू नका, म्हणजे झालं," मी म्हटलं. "आढाव्यात सांगा, बरं झालं म्हणून."

"आणि कारण काय सांगू?"

"काहीही सांगा. गॅस्केट."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी डबे पिशवीत भरायला लागले.

आढाव्यात त्याने उभं राहून सांगितलं, "कारण मीच आहे." बोट तळ्यातच राहिली. तिच्यावर दुसरा अधिकारी आला आणि नवऱ्याला भांडारात बसवलं, तिथे तो नटबोल्ट देऊ-घेऊ लागला. कोची टळलं. तो उजेड असतानाच घरी यायला लागला. मला हवं होतं ते सगळं मिळालं आणि मला त्याच्याकडे बघवेना.

एका शनिवारी मीच म्हटलं, तळ्यावर जाऊ या. आम्ही काठावर उभे राहिलो. अण्णांनी लांबून हात केला आणि इंजिनं सुरू केली, एका झटक्यात, आधी काही न फिरवता. नवरा मान तिरकी करून ऐकत राहिला, बोट पार पलीकडे जाईपर्यंत.

"कोरडी आहेत," तो म्हणाला.

परत निघताना स्कूटर सुरू होईना. त्या सोमवारपासून त्याने रिकाम्या किका सोडल्या होत्या. किल्ली लावून सरळ किक मारायचा आणि गाडी रुसायची. तो मारत राहिला, घामाघूम झाला, पण जुन्या पद्धतीवर काही गेला नाही. मी पुढे होऊन किल्ली काढून घेतली.

"आधी रिकाम्या मारा," मी म्हटलं. "हिच्यात पाणी शिरत नाही."

त्याने स्कूटर एका बाजूला तिरकी केली.