गायरानातला काटा

"मॅडम, तलाठी येईलच आता. तुमी त्येच्यासमोर एवढंच बोला, हितं दुर्मिळ झाड हाय, नांगर फिरला तर ते संपतंय. बाकीचं आमी बघतो."

सरपंच हळू आवाजात बोलत होते. त्यांच्या जीपला टेकून चार-पाच जण उभे होते. समोर किसन आणि त्याची बायको गिरजाबाई. बैल नांगराला जुंपलेले होते, पण किसन ते हाकत नव्हता. या दोघांच्या आणि जीपच्या मधे माझी झाडं होती.

मी तेव्हा परभणीच्या एका कॉलेजात बॉटनी शिकवत होते. पेडगावच्या पुढं एक गाव आहे, त्याचं नाव सांगत नाही. तिथल्या गायरानात मला हे रोप सापडलं होतं. उटकटारी आपल्याकडं सगळ्यांनी पाहिलेली असते. हे तिच्याच कुळातलं, पण फूल जांभळं आणि बोंड करडईसारखं. गावात त्याला वेगळं नावसुद्धा नव्हतं. नुसता 'काटा'. जिल्ह्यात इतर ठिकाणी त्याच्या जागा नांगराखाली गेल्या होत्या. मला माहीत असलेली ही शेवटची.

हे रोप आयुष्यात एकदाच फुलतं. पहिल्या वर्षी पानं जमिनीला चिकटून पसरतात. दुसऱ्या वर्षी दांडा वर येतो, फुलं येतात, बी वाऱ्यावर जातं आणि झाड जागीच वाळतं. मूळ सरळ खोल जातं, त्यामुळं उपटून दुसरीकडं लावता येत नाही. बी पिकू दिलं नाही तर पुढं काहीच उरत नाही. त्या दिवशी बोंडं हिरवी होती.

नामांतराच्या चळवळीची ती वर्षं. गिरजाबाईच्या वस्तीतली घरं अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत जाळली गेली होती, आणि ते दोन्ही बाजूंच्या लक्षात होतं. गायरानातले जुने कब्जे कायम करायचं सरकारी धोरण होतं. पण आधीपासून कसत असल्याचं दिसावं लागे. किसन-गिरजाबाईच्या या तुकड्याचा पंचनामा त्यासाठीच होता. गावाचं म्हणणं, ही जमीन कधी कुणी कसलीच नाही, ही पहिल्यापासून ढोरांची चराई.

आदल्या दिवशी प्रिन्सिपॉलनी केबिनमध्ये बोलावलं होतं.

"सरपंच आपल्या संस्थेच्या मंडळावर आहेत, मॅडम. आणि तुमचंच झाड वाचतंय. अडचण काय आहे?"

"सर, त्या झाडाच्या नावानं माणसं उठवतील."

"तो महसूलचा प्रश्न आहे. आपण सायन्सपुरतं बोलावं."

सरपंचांचं बोलणं झाल्यावर मी गिरजाबाईकडं गेले. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

"तुमी त्येंच्या जीपातून आलात?"

"एसटीनं आले. फाट्यापासून चालत."

"पण बोलणार त्येंच्याकडून."

"ती वरची मुरमाड पट्टी आहे ना, तिथं काही पिकतं का?"

"हुलगेबी येत न्हाईत."

"तेवढी सोडाल? बी पिकेपर्यंत."

"आन् खालचं?" तिनं आता माझ्याकडं पाहिलं. "बाई, आज नांगर न्हाई लागला तर तलाठी लिहून जाईल, पडीक हाय म्हणून. मग आमी कुठं जायचं?"

बहुतेक झाडं खालीच होती. मी दोन वाक्यं बोलले असते तर सगळी राहिली असती. खरं सांगते, माझ्या तोंडात ती वाक्यं तयार होती.

तलाठी सायकलवरून आला. तरुण होता, घामाघूम झालेला. त्यानं कागद काढले.

"मॅडम, झाड संरक्षित आहे म्हणतात?"

"दुर्मिळ आहे. सरकारी यादीत नाही."

"नांगरटीनं नुकसान होईल?"

"होईल."

सरपंचांनी मान हलवली. तलाठी लिहायला लागला.

"अजून लिहा," मी म्हणाले. "वरच्या पट्टीत बघा. फुललेल्या झाडांशेजारी मागच्या वर्षांची वाळलेली खोडं उभी आहेत. खाली एक तरी दाखवा. खाली हा काटा पहिल्यांदाच फुलतोय. म्हणजे त्याला इथं येऊन दोनच वर्षं झाली. त्याच्या आधी ही जमीन मोकळी होती."

"मोकळी म्हणजे?"

"नांगरलेली. मी पहिल्यांदा इथं आले तेव्हा ज्वारी उभी होती. ती यांची. पुढं यांना नांगरू दिलं नाही, म्हणून जमीन पडली आणि काटा खाली उतरला."

तलाठी उठला, वर चढला, वाळकी खोडं हातानं मोडून पाहिली. मग खाली उतरून सगळा तुकडा फिरला. त्याला फार वेळ लागला. जीपजवळचे लोक माझ्या दिशेनं दोन पावलं आले होते. सरपंचांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

तलाठ्यानं लिहिलं आणि मला सही करायला सांगितली. मी केली.

"तुमी आपल्यातल्या म्हणून इश्वासानं बोलावलं होतं," सरपंच म्हणाले. एवढंच. जीप गेली.

किसननं बैल हाकले. मी तिथंच उभी राहिले. जांभळी फुलं नांगराच्या तासात आडवी पडत होती. ते बघवत नव्हतं, पण निघून जाणंही बरं दिसलं नसतं. गिरजाबाई मुरमाच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि तिनं नांगर तिथून वळवायला लावला.

बी पिकल्यावर आम्ही दोघींनी ते गोळा केलं. थोडं तिनं पट्टीतच विखरून टाकलं. कॉलेजच्या आवारात मी पेरलेलं उगवलं नाही. पट्टीतलं उगवलं. त्याच्या काट्यांनी वरच्या बाजूनं शेरडं शेतात येईनात, म्हणून पुढंही तिनं ती पट्टी मोडली नाही.

कॉलेजात सहलींचं काम माझ्याकडून काढून घेतलं. जमिनीचं प्रकरण बरीच वर्षं चाललं, पण त्यांना कुणी उठवू शकलं नाही.

नंतरही मला पुष्कळ जणांनी निसर्ग वाचवायला बोलावलं. जाण्याआधी मी एवढंच विचारून घेते, की कुंपणाच्या बाहेर कोण राहणार आहे.