तिसरी हाक

पाण्यात उतरण्याआधी तो वळायचा आणि मला तीन बोटं दाखवायचा. "तीन, घाट्या. इसरू नको."

आखातात, हूऱ्यातल्या एका हॉटेलात तो एसी मेकॅनिक होता, मी हाउसकीपिंगचा सुपरवायझर. तो मालवणकडचा आणि मी साताऱ्याचा, म्हणून 'घाट्या'. शुक्रवारी सकाळी माझ्या गाडीने आम्ही किनाऱ्यावर जायचो. ओहोटीला समुद्र इथे इतका आत सरतो की माणूस दिसेनासा होईपर्यंत वाळूवर चालत जातो. हा टोकदार सळई घेऊन जायचा. खेकडे मारायचा, कधी एखादं पाकट, तो चपटा मासा. पाकट वाळूत अंग पुरून बसतं. पाय पडला की शेपटीचा काटा घुसवतं. म्हणून तो पाऊल उचलत नसे, घासत नेई. लांबून वाटायचं, हा चालत नाही, नुसता सरकतोय.

"मी येऊ का?" विचारलं की म्हणायचा, "नको. एकटो माणूस सगळ्यात सेफ."

मला ती फुशारकी वाटायची. मग एकदा चहा पिताना त्याने सांगितलं. गावाला डुकराच्या पारधीत झुडूप हललं आणि सोबत्याने बार काढला. झुडपात ह्याचा थोरला भाऊ होता. "तो एकटो गेलो असतो तर वाचलो असतो," एवढंच म्हणाला. थोड्या वेळाने हसला. "आणि मजा पण आसा रे. लांब गेल्यार आपण आसव काय नाय, ता आपणाकच कळणा नाय."

फोनसुद्धा तो गाडीत ठेवून जायचा. भरतीकडे पाणी फिरलं की मी नाव घेऊन हाक मारायची, एवढंच माझं काम. पहिल्या दोन हाकांना तो मान तिरकी करून नुसता उभा राहायचा. तिसरीला "ओऽऽ" यायची.

"दोन हाका कोणय मारता," तो म्हणायचा. "तिसरी माणूसच मारता."

मी त्याची चेष्टा करायचो. पण तुम्ही त्याला तसं उभं पाहिलं असतंत, तर तुम्हीही हाका मोजल्या असत्या.

त्या शुक्रवारी धुकं होतं. मी म्हटलं, "आज राहू दे."

"यल्ला, चल! धुक्यात पाकटाक आपली सावली दिसणा नाय." तीन बोटं दाखवून तो धुक्यात सरकत गेला.

पाणी फिरलं. मी पहिली हाक मारली. काही नाही. दुसरी मारली.

"ओ."

अगदी जवळून आली, डावीकडून. तिथे नुसते दगड होते, आणि तो तर समोर गेला होता. आवाज त्याचाच होता. पण हाका दोनच झाल्या होत्या, आणि दुसऱ्या हाकेला त्याने कधीच ओ दिली नव्हती.

परत आली. "ओ... ओ..." या वेळी जरा खालून, बसक्या आवाजात.

मी गाडीत शिरलो आणि काचा वर केल्या.

धुकं विरलं तेव्हा पाणी दगडांना लागलं होतं.

सलमानिया इस्पितळाच्या शवागारात मीच त्याची ओळख पटवली. घोट्याच्या वर काट्याचं खोल भोक होतं. पाय असा झालेला माणूस नियम पाळत बसत नाही, पहिल्या माणसाच्या आवाजाला ओ देतो. किनाऱ्यावरचा पहारेकरी हिंदीत म्हणाला, "कोहरे में आवाज़ घूम जाती है, भाई." मी मान हलवली.

त्याच्या बायकोला गावी मीच फोन केला. रडणं ओसरल्यावर तिने एकच विचारलं, "भावोजी, तीनय हाका मारलात?"

"मारल्या, वहिनी."

ती म्हणाली, "मगे तो तेव्हाच गेल्लो." आवाजात सुटका होती. ती मी तशीच राहू दिली, आजपर्यंत.

त्याचं नाव मी इथे घेतलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते दोनदा घेऊन झालंय.

धुकं पडलं की, आता राहतो त्या ईसा टाउनहून माझी गाडी अजून तिकडे वळते. दगडांपाशी थांबतो. नाव ओठांवर येतं. काच खाली करायला हात धजत नाही.