दाजींचा प्रचार आणि अक्काचे डबे

माझे दाजी पाथर्डी तालुक्यातून निवडणुकीला उभे राहिले, आणि त्यांना पाडायचं काम मी विरोधकांवर सोडलं नाही.

साल बहात्तर. मी दाजींचा प्रचारप्रमुख. (दुसरं कुणी तयारच होईना!) "प्रचार म्हणजे माहिती!" असं मी दाजींना ठणकावून सांगितलं होतं. कुणाच्या घरी मयत झालंय, कुणाचं लग्न ठरलंय, कुठले भाऊ भांडलेत, हे सारं मी गावोगाव फिरून चिठ्ठ्यांवर लिहून आणायचो. प्रत्येक गावाला अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, स्वयंपाकघरातला एक डबा. डब्यावर गावाचं आणि तिथल्या कर्त्या माणसाचं नाव, आत चिठ्ठ्या. डब्यावर नाव असताना चिठ्ठीवर पुन्हा कशाला लिहायचं? (ही माझी हुशारी!)

दौऱ्याच्या सकाळी बघतो, तर डबे घासून उन्हात पालथे आणि साऱ्या चिठ्ठ्या एका सुपात!

"अक्का! हे काय केलंस?"

"मग कुरडया काय तुझ्या टकुऱ्यात भरू?"

"अगं, कुठली चिठ्ठी कुठल्या गावाची, कळायचं कसं?"

"लिवल्यात कुनी? मी का तू?"

बाहेर जीपचा हॉर्न आणि दाजी दोघंही केकाटत होते. मी आठवेल तसे गठ्ठे बांधले आणि जीपमध्ये चढलो.

पहिल्या गावात सोपानराव. चिठ्ठी सांगत होती, 'वडील वारले. आवर्जून भेटणे.' दाजी रडण्यात पटाईत. त्यांनी सोपानरावांच्या गळ्यालाच मिठी मारली.

"लई वाईट झालं, सोपानराव! देवमानूस गेला! मला ल्योकावानी वागवायचे!" (त्यांना दाजी जन्मात भेटले नव्हते.)

"कोन गेलं म्हनता?"

"तुमचं वडील!"

कोपऱ्यातल्या बाजेवरची घोंगडी हलली. आतून आवाज आला, "मी गेलो? अन् मला कुनी सांगितलं न्हाई व्हय रं, सोपान?"

दुसऱ्या गावी दाजींनी दारातूनच आरोळी ठोकली, "पोरीचं लगीन जमलं म्हनं! पेढं पायजेत!" समोर डोईचे केस उतरवलेला माणूस सुतकात बसलेला. मी घाबरून मागून दाजींचा सदरा ओढला. त्यांना वाटलं, आवाज कमी पडला. "पेढं!" ते दुप्पट ओरडले.

जीपपर्यंत आम्ही पळत आलो.

"दत्तू, तू माझा मेव्हना हायेस का त्यांचा एजंट?"

"दाजी, पुढची चिठ्ठी नक्की बरोबर आहे!"

आणि ती होतीही. 'दोन भाऊ, बांधावरून वाद. वेगवेगळं भेटणे.' वेगवेगळं भेटलो. दाजींनी थोरल्याला बांध दिला, धाकट्यालाही तोच दिला. काम फत्ते!

निकाल लागला. दाजी सपाटून पडले. फक्त सोपानरावांच्या गावानं मतं भरभरून दिली. त्यांचे वडील काठी टेकत घरोघर हिंडले होते म्हणे. "माज्यासाठी एवढं रडला त्यो. पोटची पोरंबी रडायची न्हाईत. शिक्का त्यालाच मारा!" आणि त्या दोन भावांनी? वर्षानुवर्षांचा अबोला सोडून, खांद्याला खांदा लावून दाजींच्या विरोधात प्रचार केला!

दाजींनी मला समोर बसवलं.

"त्या भावांची चिठ्ठी बरोबर हुती ना?"

"अगदी बिनचूक, दाजी!"

"आन् म्हाताऱ्याची?"

"ती... साफ चुकलेली."

दाजींनी कपाळावर हात मारला. "आरं, मग बिनचूक काम करायला तुला सांगितलं हुतं कुनी!"