दम नसलेल्यांची ट्रेडमिल

वडगावात छातीचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरणीला किश्शांचा तोटा नसतो. औषधांची सॅम्पल्स संपतात, किस्से साठतच जातात. फुफ्फुसं आधीच कामातून गेलेला पेशंट "छातीत दुखतंय" म्हणाला, की त्याचं हृदय तपासायचं कसं हा प्रश्न पडतो. कारण प्रत्येक तपासणी त्याच्याकडे नेमकं तेच मागते, जे त्याच्याकडे नसतं!

*

दर शुक्रवारी पुण्याहून हृदयाचे डॉक्टर आमच्याकडे येतात. त्यांची ट्रेडमिलवर भारी श्रद्धा. कार्ल्याच्या एका मावशींना दम्यामुळे आमच्या तीन पायऱ्या चढताना दोनदा बसावं लागलं, तरी यांनी त्यांना पट्ट्यावर चढवलंच. हृदयाला जोर पडायच्या आत मावशींचा दम संपला. रिपोर्ट अर्धवट. मावशी म्हणाल्या, "येवढं चालता आलं असतं, तर तुमच्याकडं कशाला आले असते?"

यावर डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं.

*

लोणावळ्याच्या एका रिटायर्ड सरांना मी सीटी अँजिओग्राफीला पाठवलं. मशीनमधून आवाज आला, श्वास रोखून धरा. सरांनी मशीनलाच सुनावलं, "आधी घेऊ तरी द्या!"

*

इंजेक्शन देऊन हृदयावर ताण आणायचीही एक तपासणी असते. दमा असेल तर ते इंजेक्शन अंगाशी येऊ शकतं, म्हणून आधी विचारतात. माझ्याच एका पेशंटनं फॉर्मवर "दमा नाही" लिहिलं, खिशातला पंप काढून दोनदा ओढला आणि सही केली. नशीब, सिस्टरनं पाहिलं. मी रागावले, तर म्हणतात कसे, "दम्याचं तुमच्याकडं चालू आहे ना, मग तिकडं कशाला सांगायचं?" छाती आम्हीच वाटून घेतलीय, त्यांना काय बोलणार?

*

बेडशाच्या आबांचं मात्र हसत सांगता येत नाही. बिड्यांनी फुफ्फुसं गेलेली, त्यात पंधरा दिवस छातीत दुखत होतं. मी केसपेपरवर "ट्रेडमिल नको" लिहिलं होतं. शुक्रवारी ते खोडलं गेलं.

आमच्याकडे नंबर घरातल्या कुणीही धरला तरी चालतं. आबांचं नाव पुकारलं, घरचा माणूस उठला, टेक्निशियननं तोंड वर करून पाहिलंही नाही.

रिपोर्ट माझ्या हातात आला. नऊ मिनिटं चालले होते! मला आनंदच झाला. मग आलेख पाहिला. हृदयाला रक्त कमी पडत होतं.

आबांना समोरच्या खुर्चीत बसवलं. मागे त्यांचा मुलगा सुभाष उभा, तळेगावच्या कंपनीत कामाला असलेला. मी सांगितलं, रिपोर्ट चांगला नाही, अँजिओग्राफी लगेच करावी लागेल.

आबांनी वळून सुभाषकडे पाहिलं.

"बाई, पट्ट्यावर मी न्हाई चढलो," ते म्हणाले. "मला दम लागतो म्हून ह्योच चालला."

मग खुर्चीचा हात धरून ते उठले आणि लेकाला म्हणाले, "बस हितं."