आधी भरायचं बूच

मित्रहो, आज हायब्रीड गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल मी घरीच बदललं. उद्या सकाळी आईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी हिंगोलीहून नांदेडला न्यायचंय. म्हटलं, गाडीही शुचिर्भूत होऊन निघावी.

खालचं बूच काढलं, जुनं तेल सगळं निघून गेलं. मग नवं ओतायला वरचं बूच फिरवू लागलो, तर ते तसूभर हलेना. गाडी कोरडी, मी घामाघूम.

शेजारचे ट्रॅक्टर-मिस्त्री रशीदभाई कुंपणावरून म्हणाले, "सर, पहिले भरायचं बूच खोलतेत, मंग खालचं. तुमी उलटं काहून केलं?"

"व्हिडिओ बघून करत होतो, त्यातला तेवढा भाग मी पुढे पळवला."

"मंग आता आईचं ऑपरेशन पुढं ढकला!"

पण पान्याला हातभर पाइप लावून बूच त्यांनीच सोडवलं. भोकातून ओघळेपर्यंत तेल भरलं, बुचं आवळली, चक्कर मारली. आवाज काही नाही. बॅटरीवर ती तशीही मुकीच चालते, त्यामुळे शांततेचाही भरवसा वाटेना. गळती कळावी म्हणून गाडीखाली टाकलेला पुठ्ठा चार वेळा पाहिला, कोरडा आहे.

आई म्हणते, "तू केलं नं, मंग बराबरच असंल."

तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाहीये. तुम्ही असता, तर उद्या याच गाडीनं निघाला असता?