तांदळात लिहिलेलं नाव

हिंगोलीच्या पोलीस कार्यालयात परदेशी माणसांची नोंद ठेवणारं एक टेबल आहे. आमच्या जिल्ह्यात परदेशी माणूस कशाला मरायला येतोय, म्हणून त्या टेबलावरच्या हवालदाराकडं दुसरीही चार कामं असतात. त्या दिवशी त्यांनी माझ्या बायकोचा पासपोर्ट आणि आमचा लग्नाचा दाखला शेजारी शेजारी ठेवला, दोन्हींवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ही बाई कोन?"

"माझी बायको."

"मंग ह्या दाखल्यावरली कोन?"

"तीबी माझीच बायको."

"म्हंजे दोन हायेत का?"

हवालदार थट्टा करत नव्हते, खरंच विचारत होते. बायको माझ्या बाजूला डोक्यावर पदर घेऊन बसली होती आणि तिला सगळं कळत होतं. कागदाच्या हिशेबानं मी एका बाईशी लग्न केलं होतं आणि घरात भलतीच परदेशी बाई ठेवली होती.

झालं होतं ते असं. आखातातल्या एका दवाखान्यात मी डायलिसिसचं मशीन चालवायचो आणि ती त्याच वॉर्डात नर्स. ती फिलिपिन्सची, मराठी तिथंच माझ्याकडून शिकलेली. लग्न करायचं आमचं ठरलंच होतं, तेवढ्यात गावाकडून फोन आला की बाबांना लकवा मारला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी नोकरी सोडून सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला असलेल्या आमच्या गावात परत आलो. मागोमाग ती आली, पर्यटक म्हणून, आणि महिनाभरात आमचं लग्न लागलं. आता बायको म्हणून राहायचा व्हिसा घ्यायचा, एवढंच बाकी होतं. एवढंच म्हणे.

आमच्याकडं लग्नात नवरीचं नाव बदलतात. लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, मग साखर वाटायची. माझ्या आईचं नाव असंच बदललं, आजीचंही. आईला माहेरच्या नावानं हाक मारणारं आता कोणी उरलं नाही. ही पोरगी घरात आली तेव्हा आईनं तिचा धर्म विचारला नाही, ती काय खाते हेही विचारलं नाही. "हिचं नाव काय ठिवायचं?" हे पहिलं. पासपोर्टवरचं नाव आईच्या जिभेला काही केल्या वळेना. मग तिनंच एक नाव काढलं, पत्रिकेत तेच छापायला लावलं आणि माझ्याकडून तांदळातही तेच लिहून घेतलं. सुनेची हनुवटी धरून म्हणाली, "आजपासून तुजं नाव हे. कोनीबी इचारलं तरी हेच सांगायचं. इसरायचं न्हाई." बायकोनं मान हलवली.

ग्रामसेवक लग्नाला जेवून गेले होते. त्यांनी पत्रिका समोर ठेवून दाखला केला. पासपोर्ट मागितला नाही, आईला तेवढं विचारलं, "सुनेचं नाव हेच ना?" आई म्हणाली, "व्हय, हेच." यात ती खोटं काय बोलली, सांगा.

पुढं सरकारी काम आणि सहा महिने थांब. दाखला दुरुस्त करा, असं हवालदारांनी सांगितलं. तोवर ग्रामसेवकांची बदली सेनगावकडं झालेली. तिकडं साखरा गावात त्यांना गाठलं तर म्हणाले, "सही माझी हाय, पन आता हक्क माझा न्हाई." आमच्याकडं आलेले नवे ग्रामसेवक म्हणाले, "जुन्याची चूक मी काहून अंगावर घेऊ?" वकिलानं नाव बदलल्याची जाहिरात द्यायला सांगितली. अरे, पासपोर्टावर जे नाव बदललंच नाही त्याची जाहिरात कशी देऊ? एका कचेरीत मी इतका ओरडलो की शिपायानं हाताला धरून बाहेर काढलं. बायको जिन्यात उभी होती. म्हणाली, "ओरडू नका हो. ते मला काढतील, तुम्हाला न्हाई."

अर्जावर निर्णय होईपर्यंत तिला राहायला मुभा होती. पण नोकरी करायची नाही. हिंगोलीतल्या एका डॉक्टरांनी तिला कामावर ये म्हणून निरोप पाठवला, तर हात जोडून नाही म्हणावं लागलं. मग तिनं सगळा जीव बाबांवर लावला. त्यांच्या मेलेल्या हातात रबरी चेंडू द्यायची, बोटांवर बोटं दाबून वळवायची, घास भरवायची. आई म्हणायची, "माह्या हातानं खात न्हाई आन् हिच्या हातानं बराबर खातो, बघ कसा." उन्हाळ्यात बाबांच्या तोंडून पहिला शब्द फुटला. तिचं नाव. अर्धंच, पण आईनं ठेवलेलं. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. मीही रडलो, कशाला लपवू?

जवळा बाजारच्या आठवडी बाजारातही तिचं तेच नाव झालं. मिरच्या विकणारी बाई लांबून हाक मारायची आणि वरून मूठभर घालायची. लोक तिला आमची मानायला लागले होते, पण लोकांच्या मानण्याला कचेरीत कुत्रं विचारत नाही. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, तसला तो कारभार.

शेवटी तालुक्याच्या कचेरीनं दाखल्याच्या दुरुस्तीचा अर्ज घेतला आणि त्यासाठी आईचा जबाब मागितला. ही सून आणि दाखल्यावरली सून एकच, असं तिनं साहेबांपुढं सांगायचं होतं, पासपोर्टवरचं नाव घेऊन. आईनं भाकरी थापताना ते घोकलं, झाडताना घोकलं. साहेबांपुढं धडपडत का होईना, म्हणाली. घरी आल्यावर तिनं हुकूम सोडला की आजपासून घरात तांदळातलं नाव कोणी घ्यायचं नाही. "त्या नावानंच घात केला. सगळ्यायनी पासपोर्टवरलं म्हना. तूबी तेच ध्यानात ठिव."

त्या संध्याकाळी आईनं तिला पासपोर्टवरच्या नावानं जेवायला हाक मारली. बायको उठली नाही. आईनं पुन्हा हाक मारली तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "आत्याबाई, तुमी मला परत पाहुनी करून राहिल्या."

आईनं तिचं ताट झाकून ठेवलं. बाबांना तर कोणाचा हुकूम कळायचा नाही. ते खाटेवरून त्याच अर्ध्या नावानं हाका मारत राहिले आणि ती ओ देत राहिली.

दुरुस्तीचा कागद यायच्या आधी निर्णय आला. अर्ज नामंजूर. लग्नाचा पुरावा अर्जदार बाईचा दिसत नाही, तिनं देश सोडावा, हवं तर तिकडून नव्यानं अर्ज करावा. मी हवालदारांपुढं अक्षरशः पाया पडायला वाकलो. त्यांनी मला धरून उठवलं. म्हणाले, "भाऊ, माझ्या हातात असतं तर मी तुमाला एवढी तकलीफ दिली असती का?" माणूस वाईट नव्हता, त्यामुळं मला शिव्याही देता येईनात.

निघायच्या दिवशी तिनं बाबांना भरवलं. चेंडू कसा द्यायचा, कुठलं बोट आधी वळवायचं, हे आईला दोनदा दाखवलं. आईनं तिची ओटी भरली. तांदूळ पदरात टाकताना दोघींनीही एकमेकींकडं पाहिलं नाही. मी तिला हैदराबादच्या विमानतळावर सोडलं. आत जाताना तिनं मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर मी तिथंच बसकण मारली असती.

दुरुस्त दाखला ती गेल्यावर आला. पासपोर्टवरचं नाव, अक्षर न् अक्षर बरोबर. मी तो लगेच तिकडं पाठवला आणि कितीतरी दिवसांनी मला पोटभर जेवण गेलं. तिनं नवा अर्ज केला आणि तिथल्या भारतीय वकिलातीनं तिला मुलाखतीला बोलावलं तेव्हा आईनं देवापुढं दिवा लावला. फोन आला तसा मी तो मोठ्या आवाजावर ठेवला, म्हणजे बाबांनाही ऐकू यावं.

पलीकडं ती रडत होती. कागद सगळे बरोबर होते, म्हणाली. साहेबांनी खिडकीतून पासपोर्ट घेतला आणि सहज विचारलं, तुमचं नाव? तिच्या तोंडून आपसूक आईनं ठेवलेलं नाव गेलं. त्यांनी वर बघितलं, दुसरा माणूस बोलावला. ही कोण, आणि पासपोर्टवरची कोण? तिनं जीव तोडून सांगितलं. अर्ज चौकशीसाठी ठेवून घेतला. किती दिवस, ते कोणी सांगितलं नाही.

फोन ठेवला. तिचा आवाज ऐकून बाबा तिचं नाव घेत होते, परत परत. मी कधी नव्हे तो त्यांच्यावर खेकसलो. आई चुलीपाशीच खाली बसली.

"मीच म्हनले व्हते," ती म्हणाली. "कोनीबी इचारलं तरी हेच सांगायचं, इसरायचं न्हाई. तिनं माजं ऐकलं रे."