ट्रेंटकाठचा वरवंटा

आधीच सांगते, मी फार्मासिस्ट आहे आणि नागपूरच्या आंबेडकरी घरात वाढले आहे. आमच्याकडे ‘बाहेरचं’, ‘नजर’, ‘झपाटणं’ हे शब्द शिवीपेक्षा वाईट. माझे पप्पा हयात असताना वस्तीत कुणाच्या अंगात आलं की समोर खुर्ची टाकून बसायचे, “चालू द्या, मीही बघतो” म्हणायचे. त्यामुळे या ग्रुपवरचे तुमचे अनुभव वाचून मी आजवर पोटभर हसले आहे. आता तुमची पाळी... हसायचं तर हसा.

आम्ही नॉटिंगहॅमच्या दक्षिणेला, ट्रेंट नदीच्या खोऱ्यात राहतो. आमची वसाहत नवी आहे, अजून झाडंसुद्धा काठ्यांना बांधलेली. मागे पूर्वी खडी काढायचे, त्या खड्ड्यांची आता तळी झाली आहेत आणि त्यांच्यापलीकडे नदी. तळ्यापाशी एक माहितीफलक आहे. या खोऱ्यात कोण कोण येऊन वसलं त्याचा इतिहास — रोमन आले, अँगल लोक आले, डेन आले वगैरे. मी रोज प्रॅम घेऊन तिथून जायचे, पण तो कधी वाचला नव्हता.

वाचला आईने. आई माझ्या बाळंतपणाला आली होती, इतिहासाची निवृत्त शिक्षिका. चष्मा लावून तिने तो फलक वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, “हे तर सगळे बाहेरून आलेले. इथले मूलनिवासी कोण, ते काहून लिहिलं नाही?”

शेजारी कुत्रा घेऊन एक म्हातारे गृहस्थ उभे होते, इथल्या उत्खननात हौसेने काम केलेले. मी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, होते ना, हजारो वर्षं होते. त्यांच्या चुली सापडतात, धान्य वाटायचे दगड सापडतात, लहान लहान थडगी सापडतात. पण ते स्वतःला काय म्हणायचे कुणाला ठाऊक नाही. एकाही माणसाचं नाव मागे राहिलेलं नाही. त्यांचे उच्चार आईला कळेनात, म्हणून मी तिला मराठीत सांगितलं.

“एकाचंही नाही?” आई म्हणाली.

त्याच फेरीत तिला तो दगड मिळाला. पूर ओसरून काठाची माती खचली होती, तिथे पडलेला. लांबट, एक बाजू गुळगुळीत, हातात धरला तर बोटं आपोआप बसत होती. आई एकदम खूश! माझी मैत्रीण प्रज्ञा स्लाऊहून येणार होती, ती लाकडी पाळणा आणि पाटा गाडीत घालून आणणार होती. पण तिचा वरवंटा घर बदलताना कधीच फुटला होता. आणि वरवंट्याशिवाय बारसं कसं करायचं, ही आईची मोठी चिंता होती.

“आई, पप्पा असते तर तुला घराबाहेर काढलं असतं,” मी म्हटलं.

“तुझ्या बारशालाही कुरकुरले होते. यात देवाबिवाचं काही नाही, हे बायकांचं आहे. पोर दगडासारखं टिकावं, एवढंच.” तिने दगड प्रॅमखालच्या जाळीत टाकला.

बारसं छान झालं. त्रिशरण-पंचशील झालं, मुलीचं नाव सुमेधा ठेवलं. मग आईने तो दगड धुऊन, तेल लावून, त्याला कुंची घातली आणि ती नि प्रज्ञा पाळण्याच्या दोन बाजूंना बसल्या. एकदा वरून, एकदा खालून, दगड इकडून तिकडे. देवांची नावं आमच्याकडे नकोत, म्हणून आईने आपलंच जुळवलं — “सुमेधाला घे... सुमेधाला दे...”

“काकू, किती जड आहे हो!” प्रज्ञा मध्येच म्हणाली. “मगाशी तर नव्हता इतका.” आम्ही सगळ्या हसलो. मग आईने दगड क्षणभर पाळण्यात, माझ्या मुलीशेजारी निजवला.

त्या दिवसापासून सुमेधा रडली नाही.

तोवर घर डोक्यावर घेणारी पोर. आता भूक लागली तरी नुसती टक लावून बघायची. अंगावर प्यायची ती चार घोट, की तोंड बाजूला. हातपाय गार. हेल्थ व्हिजिटर, म्हणजे बाळ बघायला घरी येणारी नर्स, वजन करून गेली आणि तिचा चेहराच सांगत होता. हॉस्पिटलमध्ये नेलं, सगळ्या टेस्ट नॉर्मल. नवरा कामाला साउथहॅम्प्टनला, शनिवार-रविवार घरी, फोनवर म्हणायचा, “शांत झाली, चांगलंच आहे की.” माझी मुलगी मात्र माझ्या डोळ्यांसमोर कमी कमी होत चालली होती, आणि मला औषधांची नावं पाठ असून काही करता येत नव्हतं.

एका दुपारी मी खाली सोफ्यावर तिला मांडीवर घेऊन बसले होते. प्रज्ञा पाळणा-पाटा आमच्याकडेच ठेवून गेली होती; आई किचनमध्ये त्या पाट्यावर त्याच दगडाने ठेचा वाटत होती. वर पाळण्यापाशी होणारे आवाज खाली ऐकवणारा बेबी मॉनिटर शेजारी तसाच चालू राहिला होता. अचानक त्याचे दिवे लागले आणि त्यातून बाळाचं रडणं ऐकू आलं.

आधी वाटलं, शेजाऱ्यांचा सिग्नल. पण कुठल्याही आईला आपल्या लेकराचं रडणं ओळखू येतं हो! तो आवाज सुमेधाचा होता. आणि सुमेधा माझ्या मांडीवर, तोंड मिटून, छताकडे बघत होती.

आईलाही ते ऐकू गेलं. सवयीने ती किचनमधूनच म्हणाली, “आले आले, सुमेधा...”

मॉनिटरमधलं रडणं थांबलं. आणि एक हुंकार आला. हाक ऐकून बाळ देतं तसा.

आम्ही तिघी वर गेलो. पाळणा रिकामा होता. दुपट्यात बाळाएवढा खळगा पडला होता, ओलाचिंब, त्याला नदीच्या गाळाचा वास येत होता. मी हात लावला. ओल असूनही तो खळगा गरम होता... नुकतंच कुणीतरी उचललेल्या बाळाच्या जागेसारखा. मी सुमेधाला छातीशी इतकं आवळलं की आईने माझे हात सोडवले.

“आपण बारशाला तिचं नाव दुसऱ्या कुणाला दिलं गं,” आई म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

“आई, प्लीज! तू पण?”

“मी पण. पोर वाचली की मग मला अडाणी म्हण.”

तिने दगड धुतला, परत तीच कुंची घातली आणि पदराखाली धरला. सुमेधाला प्रॅममध्ये घालून आम्ही तशाच नदीकडे निघालो. वाऱ्याने लव्हाळी सळसळत होती, काठावर चिटपाखरू नव्हतं. खचलेल्या मातीपाशी आई गुडघ्यांवर बसली. म्हणाली, “याचं नाव काढून घेतलं आणि तसंच टाकलं तर हे पुन्हा मागे येईल. दुसरं द्यायला हवं.”

“कुठलं?”

तिने दगडावरची कुंची नीट केली. मग म्हणाली, “तुझ्या आधी मला एक मुलगी झाली होती. बारशाच्या आतच गेली. नाव ठरलेलं होतं, ठेवायचं राहिलं.”

इतक्या वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी काही बोलणार, तोवर तिने दगड तोंडाजवळ नेला, कानात सांगतात तसं काहीतरी कुजबुजली आणि त्याला मातीत ठेवून वर माती लोटली. नाव मला ऐकू आलं नाही.

आम्ही वळलो. फलकापर्यंत आलो असू, आणि प्रॅममध्ये सुमेधा रडली! घसा फोडून, लालबुंद होऊन, भुकेने रडली. मी रस्त्यातच बसून तिला पाजलं आणि स्वतःही रडले. आज ती गुटगुटीत आहे, घर पुन्हा डोक्यावर घेते. डॉक्टर म्हणतात, होतं असं काही बाळांचं. असेल. दुपट्याचं आणि मॉनिटरचं काय, ते मला कुणी सांगू शकलेलं नाही, आणि मीही सगळं आठवून आठवून थकले.

पण एक गोष्ट नवऱ्यालाही सांगितलेली नाही. मी पाजत होते, सुमेधाचं तोंड भरलेलं होतं, आणि तरी रडणं ऐकू येत होतं. मागून, नदीकडून. मी मान वळवणार तेवढ्यात आईने माझा खांदा घट्ट दाबला. “तू नको बघूस,” म्हणाली.

ती स्वतः मात्र बघत होती. आणि हळूहळू हात हलवत होती, पाळण्याची दोरी ओढावी तसा.